पुराव्याचा हक्क आणि फुआत कोप्रुलू

तुर्की साहित्याच्या इतिहासाला शास्त्राची शिस्त लावणारे मेहमेत फुआत कोप्रुलू (१८९०–१९६६) पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी तुर्कस्तान ‘नाटो’चा सभासद झाला, तेव्हा ते खाते त्यांच्याकडे होते. त्यांच्याविषयीचे लेखन वाचताना एक सोयीस्कर वाटणी जागोजाग दिसते. वाङ्मयाचे अभ्यासक त्यांच्या ग्रंथांविषयी बोलतात आणि ‘नंतर ते राजकारणात शिरले’ असे म्हणून थांबतात. राजकारणाचे अभ्यासक १९४५ पासून आरंभ करतात आणि आधीचा सगळा व्यासंग ‘नामवंत प्राध्यापक’ या दोन शब्दांत आटोपतात. मला ही वाटणी मान्य नाही. दोन्ही कोप्रुलू एकच होते. एका प्रश्नाशी त्यांची गाठ आयुष्यभर पडत राहिली : विधान करणाऱ्याने पुरावा द्यावा, आणि पुरावा देऊ पाहणाऱ्याला तो मांडू द्यावा, हा नियम कुठवर पाळायचा? त्यांच्या कारकिर्दीची चिकित्सा या प्रश्नाच्या आधारे करता येते का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पदवीविना प्राध्यापक

कोप्रुलू हे सतराव्या शतकात उस्मानी साम्राज्याला अनेक वझीर देणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातले मानले जात. इस्तंबूलच्या कायदा विद्यालयात त्यांनी नाव घातले आणि पदवी न घेताच ते सोडले. अरबी, फारसी, फ्रेंच या भाषा आणि हस्तलिखिते वाचण्याची विद्या त्यांनी बव्हंशी स्वतःच्या बळावर मिळवली. १९१३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इस्तंबूलच्या दारुल्फुनूनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या विद्यापीठात, ते तुर्की साहित्येतिहासाचे प्राध्यापक झाले. पुढे हायडेलबर्ग, अथेन्स आणि सोर्बोन या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला या तपशिलाचे अप्रूप वाटणारच. पण त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. ज्याच्याजवळ पदवीचे कवच नसते, त्याला आपले प्रत्येक विधान साधार करावे लागते. कोप्रुलूंनी ते केले.

१९१३ सालीच त्यांनी साहित्येतिहासाच्या पद्धतीवर एक दीर्घ निबंध लिहिला. तोवर उस्मानी परंपरेत साहित्येतिहास म्हणजे ‘तेझकिरे’, अर्थात कवींची चरित्रे, त्यांच्या आख्यायिका आणि निवडक वेचे. कोप्रुलूंनी फ्रेंच अभ्यासक लान्साँ यांच्या धर्तीवर मागणी केली ती अशी : पाठ निश्चित करा, काळ ठरवा, लेखक कोण ते तपासा, आणि मगच त्या कृतीमागचा समाज पाहा. झिया गोकाल्प यांच्या सहवासातून दुर्खीमचे समाजशास्त्रही त्यांच्यापर्यंत पोचले होते. दरबारी दिवाण काव्यापलीकडे जाऊन फिरत्या शाहिरांकडे आणि दरवेशांच्या रचनांकडे ‘साहित्य’ म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातूनच आली.

येसीपासून अनातोलियापर्यंत

या दृष्टीचे मोठे फळ म्हणजे १९१८ सालचा ‘तुर्की साहित्यातील आद्य सूफी’ हा ग्रंथ. गॅरी लायसर आणि रॉबर्ट डँकॉफ यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ साली आला. माझे वाचन त्यावरून आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्याचा नायक बाराव्या शतकातला अहमद येसेवी. त्याचे येसी हे गाव आजच्या कझाकस्तानात आहे. दुसऱ्याचा नायक अनातोलियातला युनूस एम्रे, तेराव्या-चौदाव्या शतकातला. कोप्रुलूंचे म्हणणे असे की, येसेवीने साध्या तुर्कीत, लोकांच्या छंदांत रचना करण्याची जी वाट पाडली, ती दरवेशांबरोबर पश्चिमेकडे गेली आणि युनूसमध्ये फुलली. त्यामुळे मध्य आशियापासून अनातोलियापर्यंत तुर्की लोकवाङ्मयाचा एक अखंड प्रवाह दिसतो.

ग्रंथ वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. पहिली, संदर्भांची अफाट श्रीमंती. तळटीपांतच दुसरा ग्रंथ दडला आहे. दुसरी, मुख्य दुव्याचा कच्चेपणा. येसेवीच्या नावावर असलेल्या ‘दिवान-इ-हिकमत’ची उपलब्ध हस्तलिखिते त्याच्यानंतर कित्येक शतकांची आहेत. त्यातल्या रचना जशाच्या तशा येसेवीच्या नव्हेत, हे खुद्द कोप्रुलूच सांगतात. मात्र शब्द नंतरचे असले तरी वृत्ती आणि घडण त्याचीच आहे, असे म्हणून ते पुढे जातात.

मराठी वाचकाला ही अडचण परकी नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळल्याचा वाद आपण जाणतो. तरीही महाराष्ट्रातला नामदेव पंजाबात पोचला, याला १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथातल्या पदांचा लेखी आधार आहे. येसेवी आणि युनूस यांच्यामध्ये अशा तोडीचा दुवा नाही. तिथे प्रामुख्याने पुढच्या काळातल्या संतचरित्रांतले गुरुशिष्य-परंपरेचे दावे आहेत. डेव्हिन डीविझ या अमेरिकी अभ्यासकाने नेमके इथेच बोट ठेवले आहे. येसेवीला ‘राष्ट्रीय’ संत बनवण्याच्या ओढीने उत्तरकालीन आख्यायिकांवर नको इतका भार टाकला गेला, हा त्यांचा आक्षेप मला योग्य वाटतो.

ग्रंथ १९१८ साली, साम्राज्य कोसळत असताना प्रसिद्ध झाला. सुलतान आणि दरबार यांच्या पलीकडे आपण कोण, हा त्या पिढीचा प्रश्न होता. कोप्रुलूंचा अखंड प्रवाह हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. पण सुमारे वीस वर्षांनी तुर्की इस्लाम विश्वकोशातल्या ‘अहमद येसेवी’ या नोंदीत त्यांनी आपलेच चित्र बदलले. आधीचा येसेवी हा नक्शबंदी चरित्रकारांनी सोवळा करून ठेवलेला आहे, खरा येसेवी रूढ धर्मचौकटीबाहेरच्या तुर्कमान बाबांच्या जवळचा असावा, अशी नवी मांडणी त्यांनी केली. ज्या ग्रंथावर कीर्ती उभी राहिली त्याचाच पाया नव्याने तपासणे, हे मला त्यांच्या विद्वत्तेचे सर्वांत मोठे प्रमाण वाटते.

अंकारा, १९३२

पुराव्याच्या नियमाची पहिली कठीण परीक्षा जुलै १९३२ मध्ये अंकाऱ्याला झाली. पहिल्या तुर्की इतिहास परिषदेत सरकारपुरस्कृत सिद्धान्त मांडला जात होता : मध्य आशियातला प्राचीन अंतर्गत समुद्र आटला, तुर्क जगभर पांगले आणि त्यांनी ठिकठिकाणी संस्कृती नेली. कोप्रुलूंनी पद्धतीविषयी सौम्य शंका काढली. उलट मारा होताच, आपला विरोध नव्हता, असा खुलासा त्यांनी केला. झेकी वेलिदी तोगान यांनी मात्र समुद्र आटल्याच्या मुद्द्यावर माघार घेतली नाही. त्यांना देश सोडून व्हिएन्नाला जावे लागले. पुढच्याच वर्षी दारुल्फुनून बरखास्त होऊन इस्तंबूल विद्यापीठ स्थापन झाले आणि जुन्या अध्यापकांपैकी बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या. कोप्रुलूंचे पद शाबूत राहिले.

या माघारीला भ्याडपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तिच्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ साली, त्यांनी सोर्बोनमध्ये उस्मानी राज्याच्या उगमावर व्याख्याने दिली. हर्बर्ट गिबन्स यांच्यासारख्यांच्या मते उस्मानी राज्य हे बाटलेले ग्रीक आणि बायझंटाइन संस्था यांच्या जोरावर उभे राहिले होते. कोप्रुलूंनी तेराव्या शतकातल्या अनातोलियाचा समाज, टोळ्या, शहरांतले कारागीर-संघ, दरवेश पंथ यांचा पट मांडून दाखवला की, उत्तर सेल्जुक आणि इल्खानी वारशात शोधावे लागते. यात आटलेल्या समुद्राचा आधार त्यांनी घेतलेला नाही. सरकारी सिद्धान्ताशी समोरासमोर भांडण टाळायचे आणि आपल्या लेखनात त्याला शिरू द्यायचे नाही, असा मार्ग त्यांनी काढला. बायझंटाइन वारसा जवळजवळ पुसून टाकण्यात त्यांचा हात सैल सुटला, हेही खरे. दुसऱ्यांकडे ते दस्तऐवज मागत. सातत्य आपल्या बाजूचे असेल तर अनुमानावरही त्यांचे भागे.

चौघांचे निवेदन

१९३५ साली ते कार्सचे प्रतिनिधी म्हणून संसदेत गेले. एकपक्षीय राजवटीत ही नेमणूकच असे. ७ जून १९४५ रोजी जेलाल बायार, अदनान मेंदेरेस आणि रेफिक कोराल्तान यांच्यासह त्यांनी सत्ताधारी पक्षाला निवेदन दिले. राज्यघटनेत लिहिलेली स्वातंत्र्ये प्रत्यक्षात द्या, संसदेला सरकारवर खरी देखरेख करू द्या, हा त्याचा आशय. पक्षाने ते फेटाळले. मेंदेरेस आणि कोप्रुलू यांनी ‘वतन’ दैनिकात लेख लिहिणे चालू ठेवले, म्हणून सप्टेंबरमध्ये दोघांना पक्षातून काढण्यात आले. ७ जानेवारी १९४६ रोजी या चौघांनी डेमोक्रॅट पक्ष स्थापन केला आणि १४ मे १९५० च्या निवडणुकीत तो प्रचंड बहुमताने जिंकला. मतपेटीतून सत्तांतर शांततेने झाले. १९३२ मध्ये जो प्राध्यापक मागे सरला, तो १९४५ मध्ये मागे सरला नाही.

परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांची कामगिरी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कोरियात सैन्य, नाटोचे सदस्यत्व, १९५३ साली ग्रीस व युगोस्लाव्हियाशी मैत्रीकरार, १९५५ साली बगदाद करार. धोरणाची दिशा शीतयुद्धाने आणि सोव्हिएत दडपणाने आधीच ठरवली होती.

खरी चिकित्सा देशांतर्गत कारभाराची हवी. जुलै १९५३ मध्ये विद्यापीठ कायद्यात बदल करून प्राध्यापकांना राजकारणात भाग घेण्यास मनाई झाली. प्राध्यापकपदावरून राजकारणात आलेला माणूस त्या मंत्रिमंडळात बसला होता. १९५४ साली वृत्तपत्रांवरचा कायदा कडक झाला. न्यायाधीश आणि प्राध्यापक यांच्यासह सरकारी नोकरांना सक्तीने घरी पाठवण्याचे अधिकार सरकारने घेतले. १९५५ साली पक्षातल्याच काही प्रतिनिधींनी मागणी केली की, मंत्र्याच्या बदनामीचा खटला भरला गेला, तर पत्रकाराला आपले लिखाण खरे असल्याचे न्यायालयात सिद्ध करू द्यावे. तुर्कीत त्या मागणीचे नावच ‘पुराव्याचा हक्क’ असे पडले. नेतृत्वाने ती धुडकावली, मागणी करणारे पक्षाबाहेर गेले आणि डिसेंबरात त्यांनी स्वातंत्र्य पक्ष काढला. कोप्रुलू सरकारातच राहिले. ‘आधी पाठ तपासा’ हे शिकवण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याने कोणत्या बाजूला असायला हवे होते, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी ६ आणि ७ सप्टेंबरला, सॅलोनिकातल्या अतातुर्कच्या जन्मघरी बाँब फुटल्याच्या बातमीवरून, इस्तंबूलमधल्या ग्रीकांची घरे, दुकाने आणि चर्च जमावाने उद्ध्वस्त केली. आर्मेनियन आणि ज्यूही सुटले नाहीत. कोप्रुलू त्या वेळी उपपंतप्रधान होते. सरकारने दोष कम्युनिस्टांवर टाकला आणि अझीझ नेसिन, केमाल ताहिर यांच्यासारख्या लेखकांना तुरुंगात टाकले. त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता. बायझंटाइन वारसा नाकारणारा इतिहासकार आणि हा उपपंतप्रधान यांच्यात मी कार्यकारणाची साखळी जोडणार नाही. तसे करणे म्हणजे येसेवी-युनूस दुव्याचीच पुनरावृत्ती होईल. परंतु पुराव्याविना आरोप करणाऱ्या मंत्रिमंडळात ते होते, एवढे दस्तऐवजच सांगतो.

उशिरा केलेली दुरुस्ती

जून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५७ साली, ज्या पक्षाचे ते एक जनक होते, तोही सोडला. २७ मे १९६० च्या लष्करी उठावानंतर सप्टेंबरच्या दंगलीच्या खटल्यात यासिआदा बेटावर तेही आरोपी होते. त्यातून ते निर्दोष सुटले. मेंदेरेस यांना सप्टेंबर १९६१ मध्ये फाशी झाली. १९६६ साली कोप्रुलूंचे निधन झाले. राजकारणातून परतल्यावर पूर्वीच्या तोडीचा ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही.

ग्रंथातले मत चुकीचे वाटले तेव्हा त्यांनी पुढच्या नोंदीत ते बदलले, आणि त्यात कुणाचे काही बिघडले नाही. पक्षातले मत बदलायला त्यांना १९५७ उजाडावे लागले. तोवर प्राध्यापक गप्प झाले होते, पत्रकार तुरुंगात जाऊन आले होते आणि इस्तंबूलचे ग्रीक शहर सोडू लागले होते. संशोधकाची चूक कागदावर थांबते आणि दुसरा कुणी तरी ती खोडू शकतो. मंत्र्याची चूक खोडणारे लोक हवे असतील, तर त्यांचा पुराव्याचा हक्क कायद्याने शाबूत ठेवावा लागतो. कोप्रुलूंनी १९४५ साली तो मागितला आणि १९५५ साली नाकारला जाताना पाहिला. त्यांच्या ग्रंथांचे ऋण मान्य करूनही, त्यांच्या मूल्यमापनात ही दहा वर्षे वगळता येणार नाहीत.