'गॉन विथ द विंड': कापूस कोणी वेचला?

'गॉन विथ द विंड' (१९३९) बहुतेकांनी स्कार्लेट आणि रेट बटलरची प्रेमकहाणी म्हणून पाहिलाय. जळगाव-धुळ्याच्या माणसाने तो कापसाचा सिनेमा म्हणून पाहावा. त्यातलं युद्ध आपल्या बाजारापर्यंत येऊन गेलंय.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. खरेदीदार मुंबईकडे वळले, भाव चढले, जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि गावाला जबर फटका बसला. सिनेमातला रेट हीच नाकेबंदी चुकवून माल आणतो आणि गब्बर होतो. एकाच नाकेबंदीवर तिकडे त्याने पैसा केला, इकडे आपल्या व्यापाऱ्यांनी.

म्हणून सिनेमाचा उत्तरार्ध आपल्याला जवळचा वाटतो. युद्धानंतर 'टारा' या घरच्या जमिनीवर तीनशे डॉलरचा कर भरायचा असतो. रेटकडून पैसे मिळत नाहीत, तेव्हा स्कार्लेट बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याशीच लग्न लावते. जमिनीपायी मोडलेली नाती आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. विव्हियन लीने ही बाई गोड करायचा जराही प्रयत्न केलेला नाही. ती स्वार्थी आहे, हिशेबी आहे, आणि घर तिच्याच जिवावर उभं आहे. ॲशलेवरचं तिचं प्रेम शेवटी पोकळ निघतं, जमिनीवरचं टिकतं. सिनेमाचं खरं बळ इथे आहे.

आणि खोटही इथेच आहे. टाराचा कापूस गुलाम पिकवतात. जवळपास चार तासांच्या या सिनेमात ते शेतात राबताना दिसतात तो प्रसंग अगदी छोटा. त्यात त्यांचा वाद कशावरून? काम संपल्याची हाळी कोणी द्यायची, यावरून! माणसांचा बाजार कुठे दिसत नाही. अटलांटाच्या स्टेशनवर कॅमेरा हळूहळू वर जातो आणि जमिनीवर पसरलेले जखमी सैनिक दिसत राहतात. हरणाऱ्यांच्या दुःखासाठी इतका वर जाणारा कॅमेरा कापसाच्या सऱ्यांवर एकदाही तसा जात नाही.

पडद्याबाहेरही तेच. मॅमीचं काम करणारी हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण वंशभेदाच्या नियमांमुळे अटलांटातल्या पहिल्या खेळाला ती जाऊ शकली नाही, आणि १९४० च्या ऑस्कर सोहळ्यात तिला वेगळ्या टेबलावर बसवलं. २०२० मध्ये एचबीओ मॅक्सने हा सिनेमा काही दिवस काढला आणि इतिहास सांगणारी प्रस्तावना जोडून परत आणला. ते योग्यच झालं. सिनेमा समोर असेल तरच त्याने काय झाकलंय ते दाखवता येतं.

गुलामगिरी आणि आपल्याकडची शेतमजुरी एक नाही. पण 'पांढरं सोनं' म्हणताना आपणही भाव, बोंडअळी आणि जिनिंगबद्दलच बोलतो. किलोमागे मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या बाया आपल्या गोष्टींत कितीदा येतात? हा सिनेमा जरूर बघा. फक्त टारा वाचल्याचा आनंद होईल तेव्हा, ती कोणाच्या कष्टावर उभी होती आणि कोणासाठी वाचली, एवढं विचारा.