फट कुठे गेली?

दागिना आणि जावई यांच्याकडून कामाची अपेक्षा करायची नसते, असा आपल्याकडे समज आहे. जुन्या आयर्लंडमध्ये तो नसावा. तिथला ब्रोच अंगावरची जाड लोकरीची शाल धरून ठेवायचा. शोभा वरकड.

त्याची रचना ऐका. चांदीचं किंवा काशाचं एक कडं, पण अपुरं; एका जागी फट सोडलेली. कड्यावर सरकणारी लांब सुई. शालीचे दोन्ही पदर एकत्र धरायचे, सुई आरपार घालायची, तिचं टोक फटीतून कड्यावर आणायचं आणि कडं जरासं फिरवायचं. झालं! ना स्प्रिंग, ना फिरकी. लोकरीचा ताणच कुलपाचं काम करतो. सगळी करामत त्या फटीत.

हल्ली हाताने घडवलेल्या चांदीच्या 'केल्टिक' शालपिना मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पाहून मला विचारावंसं वाटतं, "बाबा रे, फट कुठे गेली?" कडं बंद, त्यावर जन्मात न सुटणाऱ्या गाठींची नक्षी, आणि सुई अशी की जाड लोकर बघूनच मान टाकते. चांदी मुळात मऊ. म्हणून तर स्टर्लिंग चांदीत शंभराला साडेसात भाग दुसरा धातू, बहुधा तांबं, घालतात. तरीही सुई हातोडीखाली ठोकून कडक करावी लागते. पण नक्षी फोटोत दिसते, ठोकणं दिसत नाही. मग ते राहूनच जातं.

यावर विक्रेता 'तारा ब्रोच'चा दाखला देतो. ही तारा वालीची राणी नव्हे. १८५० साली आयर्लंडच्या मीथ परगण्यात, बेटीस्टाउनच्या किनाऱ्याजवळ हा ब्रोच सापडला. डब्लिनच्या वॉटरहाउस नावाच्या जवाहिऱ्याने तो घेतला आणि तारा या प्राचीन राजांच्या टेकडीचं नाव त्याला देऊन टाकलं. टेकडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण नकला खपवायच्या होत्या, आणि 'बेटीस्टाउन ब्रोच' कोण घेणार? दुकानाच्या पाटीवर इतिहास चढवण्याची कला फक्त पुण्याच्या मिठाईवाल्यांनाच येते, असं कुणी समजू नये.

विक्रेत्याचं एक मात्र खरं. तारेचंही कडं बंदच आहे. इसवी सन ७००च्या सुमाराच्या श्रीमंतीने फट बुजवून तिथे सोनं आणि अंबर जडवलं. म्हणजे 'काम नको, थाट हवा' ही हौस तेराशे वर्षांची जुनी! पण विक्रेता पुढचं सांगत नाही. तारेची पाठ पाहा. जी बाजू कापडाला टेकायची, जी घालणाऱ्याखेरीज कुणाला दिसायची नाही, तिच्यावरही अतिशय बारीक नक्षी आहे. आणि सगळं कडं जेमतेम नऊ सेंटिमीटरचं! आजची पिन उलटी करावी, तर पाठीवर चांदीचा शिक्का असतो, आणि कधी कधी किंमत.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. फट बुजवायची हौस असेल, तर पाठही सजवा. तेवढा वेळ नसेल, तर फट ठेवा आणि सुई नीट ठोका. दोन्ही जमत नसेल, तर तारा सापडायच्या आदल्याच वर्षी, १८४९ साली, न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलेलं आहे. बिचाऱ्याने ते ४०० डॉलरला विकूनही टाकलं. आमच्या बायकांच्या बांगडीला लटकून ती अजून अडीअडचणीला धावून येते. नक्षी शून्य, वंशावळ शून्य. पण शाल खाली पडू देत नाही.