मूकपटातील उच्चार

जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांच्या ‘लाइटनिंग स्केचेस’ (१९०७) या अमेरिकन मूकपटात चित्रकाराचा हात ‘कून’ हा शब्द लिहितो आणि त्याच अक्षरांना रेषा जोडून काळ्या माणसाचे विद्रूप अर्कचित्र उभे करतो. मग ‘कोहेन’ या आडनावातून तशाच रीतीने ज्यू माणसाचा चेहरा निघतो. पहिला शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीयांस दिली जाणारी शिवी होय. दुसरे ज्यूंच्या पुरोहितकुळाचे प्राचीन नाव. दोहोंच्या इंग्रजी उच्चारांतील यत्किंचित साम्यावर ही कोटी उभी आहे.

हिचे भाषांतर कसे करावे? ‘काळा’ म्हणावे तर दंश नाहीसा होतो. आपल्याकडील एखादी जातिवाचक शिवी योजावी, तर गुलामगिरीच्या जागी भलताच इतिहास येऊन बसतो. शब्द तसाच ठेवावा, या मताचा मी आहे. या खटाटोपात एक गोष्ट मात्र ध्यानात आली : पडदा मुका आहे. तो शब्द तेथे कोणीच उच्चारीत नाही. प्रेक्षक तो मनात वाचतो आणि कोटी त्याच्याच जिभेवर पुरी होते. शिवी त्याच्याकडून वदवून घेतली जाते.

अर्कचित्र अल्पाक्षरीच असावयाचे, व्होडव्हिलच्या रंगमंचावर झटपट चित्रे काढणाऱ्यास ओळख तत्काळ पटवावी लागे, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. तत्काळ ओळख पटते ती आधीच रूढ झालेल्या प्रतिमेची. आणि ती रूढ केली तोंडास काळे फासून गोऱ्या नटांनी केलेल्या मिन्स्ट्रेल खेळांनी.

विन्सर मॅके यांच्या ‘लिट्ल निमो’स (१९११) तर घाईची सबबही लागू पडत नाही. सुमारे चार हजार चित्रे त्यांनी त्यासाठी काढली. आकृत्या लांबविताना-आखडताना त्यांची रेषा जी सजीव होते, तिला त्या काळी तोड नव्हती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु निमोस मुलाचा साधा, प्रमाणबद्ध चेहरा लाभतो. ‘इम्पी’ मात्र जाड ओठ आणि गवताचे वस्त्र यांसह, १९०५ साली सुरू झालेल्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेतून जसाच्या तसा पडद्यावर येतो. चित्रमालिकेत त्याच्या तोंडी निदान निरर्थक ध्वनी तरी होते. येथे तेही उरलेले नाहीत.