गोठलेल्या कर्नलशी बोलायचं कोणत्या वाटेनं?

दौंडकरांना कॉर्ड लाईन म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी जंक्शनात यायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, मग गाडी हलायची. यार्ड तुंबलं की गाडीही तुंबली. कॉर्ड लाईन झाली आणि गाडीला यार्डात शिरायचं कारणच उरलं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुरकुंभच्या एखाद्या कारखान्यात रात्री संगणक गोठतो. ड्रायव्हर लिहिणारा माणूस पुण्यात बसलेला. पूर्वी सीरियल केबल लावून कर्नल तपासायचो. आता पुष्कळ नव्या बोर्डांवर तो पोर्टच नसतो. उरते नेटवर्कची तार. पण कर्नल थांबवला की ड्रायव्हरही थांबतो, कारण तो कर्नलचाच भाग. मग डीबगरचा निरोप नेणार कोण?

लिनक्सचं उत्तर होतं नेटपोल. इंटरप्टची वाट न बघता ड्रायव्हरलाच पुन्हा पुन्हा विचारायचं, ‘काही आलंय का?’ त्यासाठी ड्रायव्हरनं पोल कंट्रोलर नावाचं एक छोटं फंक्शन द्यायचं. यात पुण्याचा वाटा आहे. केजीडीबी हा कर्नल डीबगर बरीच वर्षं सांभाळला अमित काळे यांनी, पुण्याच्या लिनसिससॉफ्टमधून. पुढे 2006 मध्ये नेटझेनच्या दहा गिगाबिट कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सकडे पाठवणारेही तेच. म्हणजे डीबगर आणि कार्ड, दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस.

आता त्या ड्रायव्हरमधलं हे फंक्शन वाचा. इंटरप्ट बंद करा, इंटरप्टचं काम स्वतः हाक मारून करून घ्या, इंटरप्ट चालू करा. झालं. त्या काळातल्या कितीतरी ड्रायव्हरांत हीच रीत, त्यामुळे एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण रीतच कच्ची आहे, असं आमचं मत. डिसेबल आयआरक्यू हे फंक्शन दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असलेलं इंटरप्टचं काम संपेपर्यंत थांबतं. डीबगरनं तर बाकीचे प्रोसेसर आधीच थांबवलेले! त्यातला एखादा नेमका त्याच कामाच्या मध्यावर अडकला असेल, तर हे थांबणं कधी संपणारच नाही. तपासायला आलेला डॉक्टर स्वतःच बेशुद्ध. बरं, संदेश पाठवायचं कुलूप कुणाच्या हातात राहिलं असेल तर तीही पंचाईत. सगळी गाडी यार्डातूनच जाते ना!

केजीडीबी 2008 मध्ये 2.6.26 आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आला, पण सीरियलपुरता. इथरनेटचा जोड बाहेरच राहिला. 2014 मध्ये नेटपोलमधून पॅकेट ऐकायचा भागही काढून टाकला, वापरणारं कुणी मुख्य कर्नलमध्ये नव्हतंच म्हणून. आता नेटकन्सोल बोलतो, ऐकत नाही. कर्नलचा शेवटचा आक्रोश पुण्यात पोचेल, पण पुण्यातून प्रश्न विचारता येणार नाही.

विंडोजनं 2012 मध्ये, विंडोज 8 बरोबर, कॉर्ड लाईन टाकली. केडीनेटमध्ये कार्डासाठी वेगळं छोटं मॉड्यूल असतं. ते नेहमीच्या ड्रायव्हरकडे जात नाही, इंटरप्टही वापरत नाही. कार्ड स्वतः चालू करतं आणि स्वतःच चाचपत राहतं. फाईलच्या नावातच उत्पादकाचा क्रमांक, इंटेलचा 8086, रियलटेकचा 10ईसी. वर संदेश किल्लीनं बंद केलेले. रचना म्हणून हे उजवंच, यात आम्हाला शंका नाही.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. एकाच कार्डाची ओळख दोनदा लिहायची, दोनदा सांभाळायची. म्हणून यादीत ठरावीकच कार्डं. आणि गंमत बघा, ते कार्ड डीबगरनं घेतलं की उत्पादकाचा खरा ड्रायव्हर त्यावर सहसा चढत नाही. बाकीची वाहतूक केडीएनआयसी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरमधून जाते. म्हणजे ज्याला नेटवर्कचाच ड्रायव्हर तपासायचाय, त्याचा रोगी खाटेवरून गायब! त्याला सहसा दुसरं कार्ड लावावं लागतं. ही अट कागदपत्रांच्या पहिल्या पानावर ठळक असायला हवी होती.

तेव्हा कुरकुंभसाठी यंत्र मागवताना कार्डाचा वेग विचारण्याआधी त्याचं नाव केडीनेटच्या यादीत आहे का ते पाहा. लिनक्स चालवत असाल तर एक सीरियल कार्ड बसवून घ्या. आमच्या यंत्रांत ते अजून आहे.