साडेसहाशे शब्दांतला ‘मी’

मागच्या व्याख्यानानंतर एका पालकांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, “सर, मुलीला अमेरिकेत ॲम्हर्स्टला अर्ज करायचाय. निबंध कसा असावा?” तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हे कशाला विचारायचं, असं आधी वाटलं. पण मग आम्ही मुलांचे असे पंधरा-वीस मसुदे वाचले आणि लक्षात आलं, हा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याची समीक्षा कुणी करत नाही, एवढंच.

ॲम्हर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना ही कॉलेजं आकाराने आपल्या तालुक्याच्या कॉलेजाएवढीसुद्धा नाहीत. ॲम्हर्स्टमध्ये चारही वर्षांची मिळून सुमारे १९०० मुलं. म्हणजे तिथे गुणवत्ता यादी लावून वरची नावं उचलत नाहीत, एक वर्ग जुळवतात. वाद्यवृंदाला सनईवाला हवा असतो, तसा कधी ग्रीक शिकणारा हवा असतो, कधी धावणारा. शुलमन आणि बोवेन यांनी २००१च्या ‘द गेम ऑफ लाइफ’मध्ये हे आकड्यांनी दाखवलंय : कॉलेज लहान असलं तरी संघ मोठ्या विद्यापीठाएवढेच लागतात, त्यामुळे खेळाडूंचं प्रमाण लहान कॉलेजातच जास्त. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप ॲम्हर्स्टने २०२१मध्ये बंद केलं, सगळ्यांनी नाही. आणि पैसा! परदेशी मुलाची ऐपत न बघता निवड करणारी कॉलेजं मोजकी. ॲम्हर्स्ट त्यांत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की दार थोडं अरुंद होतं. ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करणारा तर निवड झाली की येईनच, असं आधीच वचन देतो. ज्याला चार ठिकाणची मदत ताडून बघायची आहे, त्याने असं वचन कसं द्यावं?

हे सगळं मुलाच्या हातात नाही. हातात उरतो निबंध, म्हणून सगळी घालमेल तिथेच. कॉमन ॲप्लिकेशनची मर्यादा ६५० शब्दांची. आपण वाचलेले बहुतेक मसुदे एकाच साच्याचे : दोन दिवस अनाथाश्रमात सेवा, किंवा आजीचं जाणं, किंवा खेळताना मोडलेला पाय. आणि शेवटच्या परिच्छेदात ठरलेला बोध. मुलं खोटं लिहितात असं आम्ही म्हणत नाही. आजी गेलेली असते, रडूही खरं असतं. पण सांगणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे वाचताना विचार कुठे चाललेला दिसतच नाही.

एक मसुदा मात्र वेगळा होता. खानदेशातल्या एका मुलीने गावात एसटी नेहमी उशिरा का येते, याची दोन महिने वहीत नोंद ठेवली होती. तिचा अंदाज होता, आठवडी बाजारामुळे. नोंदींनी तो साफ खोटा ठरवला. उशीर बाजार नसलेल्या दिवशीही तेवढाच. तिथे ती अडकली, आणि अडकल्याचंच तिने लिहिलं. फी घेणाऱ्या सल्लागाराने नेमका तो भाग काढून तिथे ‘ग्रामीण भारताची जिद्द’ घातली होती. आम्ही तिला म्हटलं, पोरी, तुझी चूक परत घाल. ज्या कॉलेजात पंधरा जण टेबलाभोवती बसून शिकतात, त्यांना चुकल्यावर काय करणारी मुलगी येतेय हेच बघायचं असतं.

तरी आमचा या प्रकारावर मूळ आक्षेप आहेच. ॲरिस्टॉटल म्हणतो, शील सवयीने घडतं. मग ते साडेसहाशे शब्दांत, तेही स्वतःच्याच तोंडून कसं कळणार? शिवाय अर्जातल्या या ‘चारित्र्या’चा इतिहास सोज्वळ नाही. जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’मध्ये (२००५) मांडलंय की १९२०च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमध्ये परीक्षेच्या बळावर ज्यू मुलं वाढू लागली, आणि त्यांना रोखायला हा निकष कामी आला.

सवय बघितलेली असते शिक्षकाने. म्हणून चार वर्षांचे गुण, शाळेत मिळत होते त्यांतले अवघड विषय घेतले की नाही, आणि शिक्षकांची पत्रं, हे आम्हाला निबंधाहून वजनदार वाटतं. आणि आपण मार खातो तो इथेच. आम्ही स्वतः तीस वर्षं शिफारसपत्रं लिहिली : ‘हुशार, कष्टाळू, नम्र’. नाव बदललं की पत्र दुसऱ्याचं! किती मुलांचं नुकसान केलं असेल, कोण जाणे. वर्गात साठ-सत्तर मुलं होती ही सबब खरी आहे, पण ज्याने तासाला उभं राहून आमचा युक्तिवाद मोडला होता, त्याच्या पत्रातही आम्ही ‘नम्र’च लिहिलं.

त्या मुलीला आम्ही सांगितलं, ती एसटीची वही घेऊन गणिताच्या सरांकडे जा, आणि त्यांना आठवत असेल तेवढंच लिहायला सांग. ती गेली. सरांनी वही ठेवून घेतली आणि आठवडाभराची मुदत मागितली. पत्रात काय लिहिलं, ते तिलाही ठाऊक नाही. ते बघण्याचा हक्क तिने अर्जातच सोडलाय. वही मात्र परत आली तेव्हा तिच्या एका बेरजेखाली लाल शाईने रेघ होती. बेरीज चुकली होती.