अम्माच्या पेटीतलं 'बहिश्ती जेवर'

संपादक मंडळाने या वर्षी 'आमच्या घरातलं पुस्तक' या विषयावर लेख मागवले, तेव्हा ज्ञानेश्वरी, 'रुचिरा' आणि पु. ल. ही नावं पहिल्या आठवड्यातच संपली होती. माझ्या घरातलं पुस्तक तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलं असेल. मी रत्नागिरी जिल्ह्यातली कोकणी मुसलमान. मराठी शाळेत शिकले, १९८९ पासून मस्कतमध्ये आहे आणि आपल्या मंडळाच्या नाटकांत विंगेतून प्रॉम्प्टिंग करणारा आवाज बहुधा माझाच असतो.

अम्माचं लग्न १९५८ साली झालं. तिच्या पेटीत सगळ्यात वर कुराण शरीफ आणि त्याखाली 'बहिश्ती जेवर', म्हणजे स्वर्गीय अलंकार. लेखक मौलाना अशरफ अली थानवी (१८६३-१९४३), उत्तर प्रदेशातल्या थाना भवनचे, देवबंदी परंपरेतले मोठे आलिम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हे पुस्तक दहा भागांत लिहिलं आणि उर्दू वाचणाऱ्या घरांत ते लेकीला लग्नात देण्याची रीतच पडून गेली.

पुस्तकाची सुरुवात अलिफ-बेपासून होते. मग पत्र कसं लिहावं, मायना काय घालावा. पुढे श्रद्धा, नमाज, रोजे, जकात. चौथ्या भागात निकाह आणि तलाक, सहाव्यात समाजातल्या चालीरीती, आठव्यात नेक स्त्रियांच्या गोष्टी, नवव्यात औषधं, आणि दहाव्यात साबण, शाई, लोणची यांच्या कृती आणि टपालाचे नियमसुद्धा. आपल्याकडे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं. ते, अंकलिपी आणि धर्मसिंधू एकाच पुठ्ठ्यात बांधले तर जे होईल, ते हे पुस्तक. भाषा साधी, घरगुती उर्दू. जे ज्ञान पुरुष मदरशात वर्षानुवर्षं शिकत, ते बाईने चुलीजवळ बसून वाचावं आणि तिला ते समजेल, ही मौलानांची खात्री होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही लहान गोष्ट नव्हती. अर्थात बाईने काय वाचू नये याचीही यादी त्यांनी दिली आहे. नझीर अहमदांची 'मिरात-उल-उरूस' ही १८६९ ची कादंबरी, जिच्यातली गुणी असगरी संसार सावरते, तीसुद्धा त्यांना पूर्ण पसंत नाही. बाकी कादंबऱ्यांना तर थाराच नाही. मी चोरून कादंबऱ्या वाचत असे आणि अम्मा मला याच यादीचा धाक घाली.

आमच्या घरात या पुस्तकाची एक पंचाईत होती. मौलाना हनफी आणि आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. हनफी नियमाने पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा चालतो. आता आम्ही खाडीकाठची माणसं. तिसऱ्या आणि कालवं सोडायची म्हणजे जेवायचं काय? उलट, वयात आलेली मुलगी आपल्या निकाहाची मुखत्यार आहे, हे याच पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे. शाफईंमध्ये मात्र वलीशिवाय, म्हणजे बापाशिवाय किंवा पालकाशिवाय, तिचा निकाहच होत नाही. माझ्या वेळी अब्बा एका स्थळासाठी हटून बसले तेव्हा अम्माने चौथा भाग उघडून त्यांच्यापुढे ठेवला. अब्बा म्हणाले, "हे हनफींचं. आपण शाफई." अम्मा म्हणाली, "खाण्यापुरते आपण शाफई. लेकीच्या लग्नापुरते हनफी." ते स्थळ मोडलं. या पुस्तकाचं माझ्यावर असलेलं ऋण मी इथेच कबूल करून टाकते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग सहावा. साखरपुड्यापासून सासरी पाठवणीपर्यंत एकेक रीत मौलाना घेतात आणि सोलून दाखवतात. नवरीला दिवसेंदिवस कोपऱ्यात बसवून ठेवणं, कर्ज काढून जेवणावळी घालणं, न झेपणारी मेहरची रक्कम केवळ मिरवण्यासाठी ठरवणं. लग्नात दिला जाणारा आहेर हे खरं तर परतफेडीच्या अटीवर दिलेलं कर्ज आहे आणि कर्जाचे सगळे नियम त्याला लागू होतात, हा त्यांचा मुद्दा वाचून मी चाट पडले. आपण इथे मस्कतमध्येसुद्धा कोणी किती रियाल घातले याची वही ठेवतोच की! विधवेने पुन्हा निकाह करणं लाजिरवाणं समजणाऱ्यांना तर ते चांगलेच फैलावर घेतात. या पानांतून दिसतं की त्यांनी घरं आतून पाहिली होती आणि बायकांचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. गंमत म्हणजे ज्या रीती मिटवायला ते निघाले, त्यांची इतकी बारकाईची नोंद दुसरीकडे सापडणं कठीण.

चौथ्या भागात हाच लेखक वेगळा वाटतो. तिथे समोर घर नसतं, फिक्हचा ग्रंथ असतो. कुफू, म्हणजे जोडीदारांची बरोबरी, या प्रकरणात विणकर शिंप्याच्या बरोबरीचा नाही, न्हावी आणि धोबीही नाहीत, असे हिशेब येतात. नमाजाला एका रांगेत उभी राहणारी माणसं सोयरिकीच्या वेळी पुन्हा उतरंडीवर चढवली जातात. अर्थात आम्हाला हे शिकायला मौलानांची गरज नव्हती. कोकणात जमाती घरं दालदी मच्छीमारांच्या घरात मुलगी देत नसत, आणि त्या जमाती घरांत आमचं घरही होतं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक पाप आहे, पण लागू होतो, हेही या भागात आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७ मध्ये रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते त्याच भागातल्या एका छोट्या मसल्याबद्दल.

नवरा बेपत्ता झाला, जिवंत आहे की मेला कळत नाही, तर बाईने काय करावं? पुस्तक सांगतं की वाट पाहावी. किती? नवऱ्याचं वय नव्वद होईपर्यंत. त्यानंतर तो वारला असं धरावं.

माझी थोरली खाला, म्हणजे मावशी, हा मसला जगली. तिचे यजमान जहाजावर खलाशी होते. १९६१ नंतर पत्र नाही, पैसे नाहीत, खबर नाही. ते तेव्हा २६ वर्षांचे होते आणि खाला २१ ची. मूलबाळ नव्हतं. कुणीतरी पुन्हा निकाहाचा विषय काढला तेव्हा अम्माच्याच पुस्तकातलं हे पान वाचून दाखवण्यात आलं. या वेळी मात्र 'हे हनफींचं' असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. खाला १९९८ साली गेली. तिच्या यजमानांना नव्वद वर्षं २०२५ मध्ये पूर्ण झाली असती. चांद्र वर्षं धरली तरी २०२२.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट मला फार उशिरा, या लेखाच्या निमित्ताने वाचताना कळली. खुद्द मौलाना थानवी त्या नव्वद वर्षांवर थांबले नव्हते. पंजाबात नवऱ्याच्या जाचातून सुटायचा दुसरा मार्ग नाही म्हणून काही मुसलमान बायका धर्म सोडत होत्या, कारण हनफी मताप्रमाणे त्याने विवाह तुटत असे. कवी इक्बालांनीही १९३० च्या सुमारास आपल्या व्याख्यानांत याकडे बोट दाखवलं होतं. मौलाना तेव्हा सत्तरीला आले होते. त्यांनी हिजाझमधल्या मालिकी आलिमांकडून फतवे मागवले आणि 'अल हीलतुन्नाजिझा' हे पुस्तक सिद्ध केलं. त्यात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मालिकी मुदत स्वीकारली. स्वतःच्या पंथात वाट नव्हती, तर शेजारच्या पंथातली उचलली. अम्माने अब्बांपुढे केलं ते याहून वेगळं काय होतं? या पुस्तकाच्या आधाराने चळवळ झाली आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसेल किंवा दोन वर्षं त्याने पोटगी दिली नसेल, तर बाई न्यायालयात जाऊ शकते. हनफी असो वा शाफई. निकाल देणारा न्यायाधीश मुसलमानच हवा ही तरतूद वगळली गेली म्हणून उलेमा नाराज झाले, पण कायदा झाला आणि आजही आहे.

म्हणजे खालाचे यजमान बेपत्ता झाले तेव्हा हा कायदा बावीस वर्षांचा होता. १९६५ मध्ये ती अर्ज करू शकली असती. १९६६ च्या एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुसलमान बायकांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्याची बातमी आमच्या गावात आली होती. ती छी-थू करायला आली होती, हे वेगळं.

'बहिश्ती जेवर'वर माझा आक्षेप इतकाच आहे, आणि तो लेखकापेक्षा आम्हा वाचणाऱ्यांवर जास्त आहे. मौलाना जिथे जिथे घराकडे पाहून लिहितात, तिथे धर्माची शिकवण संसाराच्या उपयोगी पडते. जिथे फक्त ग्रंथाकडे पाहून लिहितात, तिथे खालासारखी बाई अडकते. सूरह निसामध्ये बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका अशी ताकीद आहे. ती एकाहून अधिक बायका असलेल्यांना उद्देशून आहे हे मला ठाऊक आहे, पण खालापेक्षा अधांतरी मी कुणाला पाहिलेलं नाही. मौलानांना म्हातारपणी दुसरं पुस्तक लिहावंसं वाटलं. आम्ही पहिलंच पेट्यांतून ठेवत राहिलो, कारण ते बांधणीला सुंदर होतं आणि आहेरात शोभून दिसत होतं.

माझ्या मुलीचं लग्न येत्या हिवाळ्यात आहे. तिला उर्दू वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी भाषांतर मागवलं आहे. अम्माची प्रतही तिलाच देणार आहे. चौथ्या भागातल्या त्या पानात मी १९३९ च्या कायद्याची छापील प्रत घडी घालून ठेवली आहे. मुलीने दोन्ही चाळलं आणि विचारलं, दहाव्या भागातला साबण कुणी कधी करून पाहिलाय का? आमच्या घरात तरी नाही.