बेचाळीसच्या तुमसरात रुखसाना कुठून आली?

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. काळ १९४२चा, गाव तुमसर. कथेतली म्हातारी साठीची, विधवा, दिवसभर बिड्या वळून नातवाला वाढवणारी. तिचे नाव मी रुखसाना ठेवले होते. कथा छापून आली. दोन-चार मित्रांनी आवडल्याचे कळवले. मग आमच्या नात्यातल्या एका वृद्ध खालांना ती वाचून दाखवली. त्या शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "कहानी अच्छी है बेटा, पन ये रुखसाना कौन? हमारे बखत में तो ऐसा नाम किसी बुढिया का नहीं था."

त्या दिवशी मला राग आला. घटना खरी, दारिद्र्य खरे, म्हातारीचे दुःख खरे. नावात काय ठेवले आहे, असे वाटले. पण रात्री बसून साधा हिशेब केला. १९४२ साली साठ वर्षांची बाई म्हणजे जन्म १८८२च्या आसपासचा. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. बोलपट तर सोडाच, मूकपटही नव्हते. मुलींची शाळा गरीब मुसलमान घराच्या स्वप्नातही नव्हती. अशा घरात 'रुखसाना' हे नाव कोणी सुचवले असेल? ते नाव तिच्या आईबापाने ठेवलेले नव्हतेच. ते मी ठेवले होते, माझ्या पिढीतल्या शाळेच्या हजेरीपटावरून उचलून.

मुस्लिम मराठी साहित्यावर आपण पुष्कळ बोलतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपली एक तक्रार कायम आहे: मराठी कथा-कादंबरीतला मुसलमान खरा नसतो. तो एक तर खलनायक, नाही तर जीव ओवाळून टाकणारा रहीमचाचा. तक्रार रास्तच आहे. पण आपण स्वतः लिहितो तेव्हा आपला मुसलमान किती खरा असतो? हा प्रश्न पात्राच्या नावापासून सुरू होतो, कारण वाचकाला त्या माणसाविषयी कळणारी पहिली गोष्ट नावच असते.

जुन्या काळी आमच्या भागात नाव कसे पडत होते ते आठवून पाहा. सातव्या दिवशी अकीका करून चांगल्या अर्थाचे नाव ठेवावे, ही शिकवण सर्वांना ठाऊक होती. अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वांत प्रिय नावे, असे हदीसमध्ये आले आहे. पण अकीक्याची ऐपत आणि अरबी जाणणारा मौलवी ही दोन्ही प्रत्येक खेड्यात कुठून असणार? मग कॅलेंडर मदतीला येई. जुम्म्याला जन्मला तो जुम्मन, गुरुवारी झाली ती जुमरातन, बुधवारचा तो बुधू. महिन्यावरून रज्जब, शाबान, रमजान. सणावरून ईदू, बकरीदी, शबराती. मुले जगत नसतील तर दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलके नाव: घसीटा, कल्लू, फकीरा. नवस फेडायचा असेल तर पिराचे नाव: मदार, मलंग, दावल. मुलगा गोरा असेल तर चांद, नाही तर लाल किंवा गुलाब. मुलीच्या नावाला 'बी' जोडले की झाले.

सगळ्याच घरांत असे होते, असे मात्र नाही. काझी-खतीबांच्या, जमीनदार सय्यदांच्या घरात त्याच वर्षी जन्मलेली मुलगी खैरुन्निसा किंवा बदरुन्निसा असू शकत होती. म्हणजे नाव केवळ काळ सांगत नाही. ते घराची ऐपत, वाचलेली अक्षरे आणि जातही सांगते. बिडी वळणाऱ्या म्हातारीला खैरुन्निसा म्हणणे ही रुखसानाइतकीच मोठी चूक ठरली असती.

पिराच्या नावांत आमच्या भागाचा एक खास धागा आहे. नागपूरचे हजरत बाबा ताजुद्दीन यांचा जन्म १८६१चा, इंतकाल १९२५चा. ताजुद्दीन हे नाव त्यापूर्वीही होतेच. पण नागपूरपासून साठ-बासष्ट किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात एखाद्या घरी ताजुद्दीन किंवा ताजबी असे नाव ऐकले की जुनी माणसे ताजबागेच्या नवसाविषयी विचारतात. लेखकाने असे नाव दिले तर ती एक छोटी कथाच झाली: आईबाप नवसाला गेले होते, बैलगाडीने की रेल्वेने, मूल किती वर्षांनी झाले. अशा नावाने पात्राला भूतकाळ मिळतो. नाव नुसते गोड वाटले म्हणून ठेवले तर पात्राच्या वाट्याला काहीच येत नाही.

आता आडनावाचे बघा. आपल्या पुष्कळ कथांत 'श्री. शेख' येतात, 'मिसेस पठाण' येतात. हे पुण्या-मुंबईच्या नोकरदार वस्तीत ठीक आहे. विदर्भात 'शेख' नावाच्या आधी येतो आणि बापाच्या नावाआधी पुन्हा येतो: शेख रहीम शेख करीम. जुन्या कागदांत मधे 'वल्द' असे: शेख रहीम वल्द शेख करीम. बाई असेल तर नवऱ्याच्या नावाआधी 'जौजे', नवरा वारला की 'बेवा'. 'अमीनाबी बेवा शेख रहीम' या चार शब्दांत त्या बाईचे अर्धे आयुष्य लिहिलेले असते. तलाठ्याच्या दप्तराने जे टिपले, ते आपल्या कथाकाराने का सोडून द्यावे?

हे जमलेले लेखक कोण, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' १९१६ची. त्यात जुम्मन शेख आहे, त्याच्या बापाचे नाव जुमराती, बायको करीमन. गुरुवारचा बाप आणि शुक्रवारचा मुलगा! लेखकाने त्यावर एक शब्दही खर्च केलेला नाही, पण दोन पिढ्यांचे घर त्या नावांतून उभे राहते. 'ईदगाह'मधला पोरका मुलगा हमीद आणि त्याची दादी अमीना. त्याचे दोस्त महमूद, मोहसिन, नूरे, सम्मी. मुले एकमेकांना हाक मारतात तशीच ही नावे आहेत, अर्धी तोडलेली. प्रेमचंद मुसलमान नव्हते. त्यांनी ती नावे कुठल्या यादीतून घेतली नाहीत, गल्लीत ऐकली.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसे' १९४९चे. त्यातल्या दोन व्यक्तिचित्रांची नुसती शीर्षके बघा: 'मुलाण्याचा बकस' आणि 'तांबोळ्याची खाला'. मूळ शब्द बख्श, पण माणदेशच्या तोंडी तो बकस झाला, आणि लेखकाने तो दुरुस्त केला नाही. दुसऱ्या शीर्षकात तर बाईचे नावच नाही. गाव तिला ज्या नात्याने आणि ज्या धंद्याने ओळखते तेवढेच आहे. त्या काळी खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला नावाने हाक मारणार तरी कोण? ती कुणाची खाला, कुणाची नानी, कुणाची फुफ्फी. कधी कधी पात्राला नाव न देणे हेच काळाला धरून असते. हे बारकावे एका हिंदू लेखकाला दिसले आणि आपल्याला दिसू नयेत, याची मला खंत वाटते.

आपल्याला ते का दिसत नाहीत? मला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण सिनेमा. पडद्याने आपल्या नावांना एक झगमगीत साचा दिला. पडद्यावरची नर्गिस घरी फातिमा होती, मीनाकुमारी महजबीन होती, आणि युसुफ खान १९४४च्या 'ज्वार भाटा'पासून दिलीपकुमार झाले. म्हणजे पडदा स्वतःच नावे बदलत होता. मग पडद्यावरची नावे घरात आली. १९७४च्या 'अंकुर'नंतर शबाना, १९८९च्या 'मैंने प्यार किया'नंतर सलमान, १९९२च्या 'दीवाना'नंतर शाहरुख. २००३ साली सानिया मिर्झाने विम्बल्डनला मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले, त्यानंतर सानिया. ही नावे त्यापूर्वी नव्हती असे नाही, पण खेड्यातल्या पाळण्यापर्यंत ती या वाटेने पोचली. एकाच घरात पणजी जुमरातन, आजी हलीमाबी, आई शबाना आणि मुलगी सानिया असू शकते. शतकाचा इतिहास या चार नावांत आहे. लेखकाने पणजीलाच शबाना केले की तो इतिहास पुसला जातो.

उलटी चूकही होते, तीही नोंदवतो. शाहरुख हे नाव सिनेमाने जन्माला घातलेले नाही. तैमूरच्या मुलाचे नाव शाहरुख होते आणि तो पंधराव्या शतकात राज्य करीत होता. पण आज ऐतिहासिक कादंबरीत शाहरुख आला की वाचकाला हसू येते. इंग्रजीत टिफनी या नावाचे असेच आहे. नाव मध्ययुगातले, वाचकाला वाटते परवाचे. आपल्याकडे राहुल घ्या. बुद्धाच्या मुलाचे नाव, पण ऐकायला कालच्या कॉलेजातले. तेव्हा 'नाव त्या काळी होते' एवढा पुरावा पुरत नाही. ते त्या गावात, त्या घरात असणे शक्य होते का, हे पाहावे लागते. आणि शक्य असूनही खटकत असेल तर कथेतच त्याचे कारण द्यावे लागते.

दुसरे कारण अवघड आहे. आपल्याला आपल्या आजी-आजोबांच्या नावांची लाज वाटते. शिकलो, दीनची समज वाढली, अर्थपूर्ण अरबी नावे आली. ते चांगलेच झाले; माझ्या मुलांची नावेही तशीच आहेत. पण बुधू, घसीटा, कल्लू ही नावे आपण घरातून काढली तशी कथेतूनही काढून टाकली. पाहुण्यांसमोर फाटकी गोधडी आत सारावी तशी. त्यामुळे आपल्या साहित्यातली जुनी पिढी जन्मतःच सुशिक्षित आणि खानदानी वाटू लागते. मग तिचे दारिद्र्य खोटे वाटते, आणि दोष वाचकाचा नसतो.

यात आणखी एक गोष्ट हरवते. हलकी नावे आणि वाराची नावे ही एकट्या मुसलमानांची नव्हती. बुधू, मंगलू शेजारच्या आळीतही होते. दगडू दोन्हीकडे होता. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९च्या 'फकिरा' कादंबरीचा नायक मांग समाजातला, आणि नाव फकिराचे! एकच भीती, एकच नवस, एकच पीर. वरून कुणी शिकवले नव्हते, तरी नावांची अशी देवघेव चालू होती. आपण आपल्या जुन्या पात्रांना फक्त शुद्ध फारसी-अरबी नावे देतो तेव्हा, नकळत का होईना, 'हे लोक पहिल्यापासून वेगळेच होते' म्हणणाऱ्यांच्याच हाती कागद देतो.

कागदावरून आठवले. २०१९च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, त्यानंतरच्या महिन्यांत कितीतरी घरांत जुन्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. आमच्याही घरी उघडली. आईचे घरातले नाव वेगळे, राशनकार्डावर वेगळे, मतदार यादीत तिसरेच. आजोबांचे नाव शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये गुरुजींनी त्यांना ऐकू आले तसे लिहिलेले, आणि जन्मतारीख अर्थातच १ जुलै. ती माणसे एकच होती, नावे तीन होती. त्या संध्याकाळी आईने विचारले, "यातली खरी मी कोणती?" मला उत्तर देता आले नाही. घरचे नाव आणि कागदावरचे नाव यांतल्या या फटीवर आपल्याकडे अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. ते लिहायचे तर आधी घरचे नाव कबूल करावे लागेल.

नव्या लेखकांना मी तीनच प्रश्न सुचवीन. पात्राचा जन्म कोणत्या साली? नाव कोणी ठेवले? आणि गावात त्याला हाक कशी मारतात? तिन्हींची उत्तरे कथेत यायला हवीत असे नाही. लेखकाला ती ठाऊक असली म्हणजे झाले.

संग्रह निघाला तेव्हा मी त्या म्हातारीचे नाव बदलून जुमरातन केले. वाटले होते, सगळीकडे एक शब्द खोडून दुसरा लिहिला की काम संपेल. संपले नाही. रुखसानाच्या तोंडी घातलेले 'या अल्लाह, ये कैसी आजमाइश है' हे वाक्य जुमरातनच्या तोंडी बसेना. ती घरात आपली मोडकी हिंदी बोलणार आणि कोष्ट्याच्या शेजारणीशी झाडीबोली, जिच्यात 'ण' आणि 'ळ' नाहीत. तिची नमाज, तिचा ताजिया, तिचे शेजाऱ्याकडून उसने तांदूळ आणणे, सगळेच नव्याने लिहावे लागले. सोळा पानांतली अकरा पाने गेली. खालांना ती पुन्हा वाचून दाखवली. या वेळी त्या मधेच थांबवून म्हणाल्या, "ठैर बेटा, इसको तो मैं जानती हूँ."